उत्तराआधी पाच खडे

गुरुजी,

काल माझ्या नातीनं विचारलं, "आज्जी, तुला वाचायची एवढी हौस, मग चौथीतूनच शाळा का सोडलीस?" मी नेहमीचं उत्तर दिलं, त्या काळी पोरींना कोण शिकवतंय! ते खोटं होतं. मला शिकवत होते. तुम्हीच शिकवत होता. शाळा मी सोडली नाही, ती तुमच्या एका शब्दानं सुटली, आणि हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमची चिता विझली, माझ्या रागाला मात्र अजून मरण येत नाही. म्हणून म्हटलं, आज लिहूनच टाकू.

सणसरच्या अलीकडं, पाटाच्या काठचं आपलं ते गाव. सालं एकोणीसशे तीस-पस्तिसातली. शाळा मारुतीच्या देवळाशेजारच्या पडवीत भरायची, आणि शनिवारी सकाळची शाळा असायची. शनिवारी तुम्ही पुस्तक उघडू द्यायचा नाहीत. प्रत्येकानं घरची एक अडचण आणायची. तुम्ही टेबलावर पाच खडे मांडायचा. अडचणीवर कुणी एक चांगला सवाल विचारला की एक खडा डावीकडून उजवीकडं. पाचही खडे उजवीकडं गेल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. जो आधीच उत्तर देईल त्यानं कान धरून उभं राहायचं. "उत्तर काय, कुणीही देतो," तुम्ही म्हणायचा, "आधी विचारायला शिका, गाढवांनो."

मला अजून ती दुधाची अडचण आठवते. एका पोरानं सांगितलं, आमचं दूध रोज नासतंय, आजी म्हणती दृष्ट लागली. लगेच एकजण ओरडला, "मिरच्या ओवाळून टाका!" आणि कान धरून उभा राहिला. मग सवाल सुरू झाले. रोज नासतंय का काही दिवशीच? गाईचं का म्हशीचं? कुठल्या भांड्यात? भांडं कोण घासतं? कशानं? पाचवा खडा सरकला आणि पोरगं स्वतःच बोललं, "पितळेचं हाय, बहीण चिंचेनं घासती." पोरगं घरी जाऊन बघून आलं, तर बहीण चिंच लावून भांडं नुसतं पुसत होती, धूतच नव्हती. आम्ही सगळी पोरं त्या दिवशी खिदळत घरी गेलो. मी आईच्या मागं लागले, भाकरी करपली तरी सवाल, कोंबडी बसली तरी सवाल. आई म्हणाली, "ह्या मास्तरानं पोरीच्या जिभंला चाकं लावली बाई." पण म्हणताना हसत होती.

तुमच्या लक्षात आलं होतं, मी सगळ्यांत जास्त खडे हलवते ते. एका शनिवारी तुम्ही मला अख्खी नवी पेन्सिल दिलीत, पाटीवरची, न तुटलेली. माझ्याकडं तोवर भावानं टाकलेले तुकडेच असायचे. आणि म्हणालात, "तुला सातवीच्या फायनलपर्यंत नेतो. बारामतीला परीक्षेला बसवतो. मास्तरीण होशील." घरी जाऊन मी ते आईला सांगितलं, दादांना, म्हणजे वडलांना सांगितलं, गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा सांगितलं. ती पेन्सिल मी वापरली नाही. झिजेल म्हणून.

त्या उन्हाळ्यात आईच्या पायाला नारू झाला. आताच्या पोरांना नारू ठाऊक नाही, देवाची कृपा. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, हलक्या हातानं. तुटला की संपलं, पाय भोपळ्यासारखा सुजायचा. आईचा तुटला. ती ढुंगणावर सरकत सरकत चुलीपाशी जायची आणि भाकऱ्या थापायची. आपल्या गावात दर उन्हाळ्यात घरटी एकजण तरी असा पडलेला असायचा, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, पाट आला आणि रोगराई आली. पाटाचं पाणी उसाला, वांग्यांना, मिरच्यांना चालायचं, पण माणसाच्या तोंडात नको. प्यायला देवळाची बारव. गोड पाणी, देवाचं पाणी. बायका पायऱ्या उतरून जायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. मीही तशीच भरायचे.

शनिवारी मी उभी राहिले आणि माझी अडचण सांगितली, "आईला नारू का झाला?" कुणी हसलं नाही. तुम्ही खडे मांडलेत. कुणाला होतो? कुणाला होत नाही? तिथंच अडलं. तुम्ही म्हणालात, जा, घरोघर विचारून या. आम्ही आठ दिवस विचारलं. वेशीच्या आत एकही घर सुटलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला मागं थांबवलंत. तुमचा आवाज बारीक झाला होता. "वेशीच्या आत सगळ्यांना होतो. मग वेशीच्या बाहेर?" मी म्हटलं, "तिकडं आमाला जाऊ देत न्हाईत." तुम्ही म्हणालात, "सवाल वेशीपाशी थांबत नसतो. जा, विचारून ये. कुणी काही म्हणालं तर मी आहे." मी आहे! हे दोन शब्द, गुरुजी. त्या दोन शब्दांवर मी गेले.

वेशीबाहेरच्या वस्तीत एक म्हातारी लिंबाखाली घायपाताचा दोर वळत बसली होती. मला बघून ती घाबरली. "आगं पोरी, हितं कशाला आलीस? घरचं मारत्याल तुला." मी विचारलं, "आजी, तुमच्यात नारू कुणाला हाय?" तिनं दोर खाली ठेवला. "आमाला कुठला नारू? माजं केस पिकलं, पर ह्या वस्तीत न्हाय बघितला." "मग पाणी कुठलं पिता?" ती हसली, तोंडात दोनच दात. "तुमच्या बारवंवर पाय ठिवू देत्यात व्हय आमाला? आमी आपलं पाटाचं पितो. तुमचं पुण्याईचं पाणी तुमालाच लखलाभ." मी तिथून पळत सुटले ती थेट तुमच्या पडवीत. तुम्ही ऐकलंत आणि टेबलावरचा पाचवा खडा स्वतःच्या हातानं उजवीकडं सरकवलात. तुमचे डोळे भरले होते. ते मी बघितलंय, त्यामुळं तुम्हाला काही कळलं नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

मग तपासणी आली. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळे दिपोटी म्हणायचे. जाजम अंथरलं, पाटील आले, पंच आले, माझे दादा मागं उभे राहिले. तुम्हाला तुमची सवालांची रीत दिपोटींना दाखवायची होती. दुधाची अडचण झाली, दिपोटी खूश झाले, हसले. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला काही विचारायचंय?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मान हलवलीत. हो, हलवलीत. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बारवेचं पाणी पिणाऱ्यांना नारू होतो. पाटाचं पिणाऱ्यांना होत नाही. मग आपण पाय घालून बारवेचं पाणी का पितो?"

दिपोटींनी भुवया वर केल्या. पण पाटलांनी विचारलं, "पाटाचं पाणी कोण पितं गं?" मी सांगितलं, वस्तीतली माणसं. "तुला कुणी सांगितलं?" "मी जाऊन विचारलं." पाटील पुढं सरकले. "आन तिकडनं येऊन तू बारवेत पाय घातलास?" घातला होता, रोजच पाणी भरत होते. पाटील तुमच्याकडं वळले. "मास्तर, पोरीला तुमी धाडली?"

मी तुमच्याकडं बघत होते. मला जराही भीती वाटत नव्हती, कारण तुम्ही होता. तुम्ही धोतराचा सोगा सारखा केलात आणि म्हणालात, "नाही. मी कशाला धाडीन? पोरगी फार वाह्यात झाली आहे. मी हिला दोनदा दटावलं होतं." आणि माझ्याकडं वळून, "बस खाली." दोनदा! नुसते हात वर करून तुमचं भागलं नाही, वर हिशेबशीर खोटंही जोडलंत. ज्याच्या भरवशावर दोर धरून विहिरीत उतरावं त्यानंच दोर कापावा, तसं झालं ते.

बारव बाटली म्हणून दादांना तिची शांती करायला लावली. पुढच्या सालचा मृग लागेपर्यंत आमच्या घराला बारव बंद. दादांनी मला मारलं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बास झालं तुजं शाळंचं. उद्यापासनं घरी." आई चुलीपाशी बसल्या बसल्या बोलली, "पोरीनं काय वाईट इचारलं? माज्याच पायाचं इचारलं ना?" दादा म्हणाले, "मास्तरच म्हणतो वाह्यात हाय. मग कुणाच्या जिवावर धाडू?" आईनं पुढची भाकरी थापायला घेतली. त्या वस्तीतल्या म्हातारीलाही चावडीवर बोलावलं होतं म्हणे. तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

आता गंमत ऐका. बारव बंद, मग पाणी कुठलं प्यायचं? पाटाचं. आई दुहेरी लुगड्यातून गाळून घ्यायची. पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा घरोघर नारू, आणि आमच्या घरात एकालाही नाही. दादा कुणाला काही बोलले नाहीत, पण बंदी उठल्यावरही आमच्या घरात बारवेची घागर आली नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "दादा, माझा सवाल बरोबर होता. आता शाळेत जाऊ?" ते वांग्यांना पाणी देत होते. खोऱ्यानं माती ओढत म्हणाले, "सवाल बरूबर हुता. मास्तर बरूबर नव्हता." तोवर तुम्ही तर गावातही नव्हता. दिपोटींनी चांगला शेरा दिला, तुमची बारामतीला बदली झाली. मला जिथं परीक्षेला नेणार होता तिथं तुम्ही एकटेच गेलात.

माझं लग्न झालं, पणदऱ्याला दिलं. पोरं झाली, शिकली. पुढं सरकारनं बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, वर रहाट बसवला, आणि नारू गेला. कुठल्याशा डॉक्टरनं सांगितलं म्हणून. तेव्हा सगळ्या गावाला पटलं, कुणी वाह्यात म्हणालं नाही. मला कळत नव्हतं का, की तुम्हाला नोकरी होती, घरी चार तोंडं होती, पाटलानं मनात आणलं असतं तर गावात राहणं मुश्कील केलं असतं? सगळं कळत होतं. पण गप्प बसायची वाट होती ना, गुरुजी. मान खाली घालून उभे राहिला असतात तरी मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्ही आधी धाडलंत आणि मग वाह्यात म्हणालात. एवढं मला कधी गिळवलं नाही.

आणि आता जे लिहायचंय ते जड जातंय. तुम्ही आला होता पणदऱ्याला. उन्हाची वेळ, मी ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होते. काठी टेकत, एसटीच्या धुळीनं पांढरे झालेले. "बाई, सणसरकडच्या एका मुलीला इकडं दिली होती. माझी विद्यार्थिनी. फार सवाल विचारायची. तुमचं माहेर तिकडचं ना?" मी मान वर न करता म्हटलं, "न्हाय बा. मी शाळेत गेलेच न्हाय." तुम्ही उभेच राहिलात. मग पाणी मागितलंत. मी तांब्या दिला. तुम्ही तो हातात धरून विचारलंत, "पाणी कुठलं?" मी म्हटलं, "पाटाचं. गाळून." तुम्ही सगळा तांब्या प्यायलात, उंबऱ्यावर ठेवलात, काही बोलायला तोंड उघडलंत आणि मग नुसते "बरं" म्हणून गेलात. सहा महिन्यांनी कळलं, तुम्ही गेलात.

लोकांना वाटेल, मी तुम्ही केलं तेच केलं, फिटंफाट झाली. तसं नाही. तुम्हीच शिकवलं होतं ना, पाच खडे सरकल्याशिवाय उत्तर ठरवायचं नाही म्हणून? मी जन्मभर तुमचं उत्तर ठरवून बसले आणि तुमच्याबद्दल एक सवाल विचारला नाही. तुम्ही दारात होता, तांब्या तुमच्या हातात होता, एकच विचारायचं होतं, "का हो गुरुजी?" पण मला भीती वाटली, तुम्ही खरं सांगाल, आणि मग मला रागवायला काही उरणार नाही.

मी तुम्हाला ओळखलं होतं. तुम्ही कोपऱ्यावर वळलात तेव्हाच ओळखलं होतं.