मेन स्विच तुम्ही पाडलात तेव्हा

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय भावोजी,

तुम्हा दोघांना नमस्कार. इकडे सगळं ठीक. दुकानात मरणाचं काम आहे, पण तुमच्या मेहुणीला कामाने अजून हरवलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. ताईचा नवा कॉम्प्युटर काल ट्रकने रवाना केला, परवा पोचेल. पत्र ताईला न लिहिता तुम्हाला का, ते पुढे सांगते.

आधी कामाचं. आत दोन डिस्क आहेत. छोटी, वेगवान डिस्क मशीन सुरू होण्यापुरती. मोठीवर ताईचे कपड्यांच्या कटिंगचे नमुने राहतील. सुरू होताना मशीनने आधी छोटीकडेच बघायचं, असा क्रम मी सेटिंगमध्ये लावलाय. पेन ड्राइव्ह चुकून लावलेला राहिला तरी ते त्याच्या नादी लागणार नाही. उद्या छोटी डिस्क मेली तरी नमुन्यांच्या केसालाही धक्का लागायचा नाही. वीस वेळा बंद-चालू करून बघितलंय. माझ्या हातचं काम आहे, डोळे मिटून वापरा.

आणि घरातला पंखा दुरुस्त करायचा असेल तर मेन स्विच खुशाल बंद करा. त्याने यातलं काही बिघडत नाही. मागच्या वेळीही बिघडलं नव्हतं.

लिहून टाकलं एकदाचं.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही पंख्यासाठी मेन स्विच पाडलात आणि मग ताईचं मशीन सुरूच होईना. तुम्ही दोघं ते बसमधून, मांडीवर धरून माझ्याकडे घेऊन आलात. मी लावून बघितलं तर स्क्रीनवर तारीख बारा वर्षं मागची. आतला बटणाएवढा सेल संपला होता, आणि वीज तुटल्यावर मशीन आपली सेटिंग विसरलं होतं. बस, एवढंच. नवा सेल टाकायचा, डिस्क वाचायची पद्धत पहिल्यासारखी करायची, दहा मिनिटांत मोकळं. पण मला कुठला धीर! म्हटलं, विंडोज वगैरे सगळं नव्यानेच टाकू. त्याही मशीनमध्ये दोन डिस्क होत्या, एक सुरू होण्याची, एक नमुन्यांची. अशा वेळी दुसऱ्या डिस्कची वायर आधी काढून ठेवायची असते. हाताखालच्या मुलींना मी हे ओरडून ओरडून शिकवते. त्या दिवशी मीच काढली नाही. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. यादीत भलतीच निवडली आणि ताईचे अकरा वर्षांचे नमुने पुसले. वर नवं सगळं त्याच डिस्कवर उतरलं, त्यामुळे मागून खूप खटपट करूनही हाती काही लागलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

ताईने विचारलं, कशाने गेलं? मी म्हटलं, "अशी अचानक वीज तोडली की डिस्क जाते." तुमचं नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच नव्हती. तुम्ही शेजारीच उभे होतात. म्हणालात, "माझंच चुकलं." आणि मी मूग गिळून गप्प बसले.

ताईने एकेक नमुना पुन्हा काढला. तुम्ही तिच्या कॉम्प्युटरच्या खोलीत पाय टाकणं सोडलंत, हेही मला दिसत होतं. परवा तिचा फोन आला. माझ्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाली, नव्या मशीनला पासवर्ड घाल, पण तो ह्यांना देऊ नकोस. मला लाज वाटली, भावोजी. करून सवरून मी नामानिराळी राहिले.

तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. हे पत्र खिशात घालाल आणि म्हणाल, जाऊ दे, बहिणीबहिणींत वितुष्ट नको. म्हणून हेच पत्र, शब्दन् शब्द, ताईच्या नावाने वेगळ्या पाकिटात आजच्याच टपालाने टाकलंय. ती मला जे बोलेल ते तिला बोलू द्या. मध्ये पडू नका.

शनिवारी मी येते आहे. दार तुम्ही उघडू नका, ताईला उघडू दे.

दोन वर्षं तुमच्या आड लपलेली,
तुमची मेहुणी