चिठ्ठीवरचं लोणावळा

८ सप्टें., सोम.
शोधनिबंध छापून आला. सोनकीच्या फुलावरचा पिवळा खेकडा-कोळी, नवी जात. हा वंश घाटाच्या या अंगाला आहे, हेच आजवर कुणी नोंदवलं नव्हतं. मार्गदर्शक सरांचं नाव पहिलं, माझं शेवटी. तेही सोसलं असतं. पण आढळ: 'फक्त लोणावळा'. लोणावळ्यात हा कोळी कुणी पाहिलेलाच नाही. सापडला आमच्या टाकव्याच्या वरच्या पठारावर. दाखवला गुरं राखणाऱ्या पारूमावशीनं.

९ सप्टें.
बाटली काढून पाहिली. अल्कोहोलात कोळी, शेजारी पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. अक्षर माझंच. लोणावळा. आम्ही आंदर मावळातले सगळेच पुण्यात गेलो की हेच सांगतो. टाकवे कुणाला कळणार? वसतिगृहात पाच वर्षं तेच सांगितलं, चिठ्ठीवरही हात तसाच गेला. सरांना शिव्या घालायची सोयही उरली नाही.

१५ सप्टें.
सरांना फोन. दुरुस्ती छापू म्हटलं. म्हणाले, "नकाशावर दोन्हींचं टिंब एकच येतं गं. कशाला आपलं हसू करून घ्यायचं?" आपलं म्हणजे त्यांचं. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून आहे, म्हणून मी विषय सोडला.

२६ सप्टें.
पठारावर रिसॉर्ट होतंय. ग्रामपंचायतीत त्यांचा पर्यावरण अहवाल वाचायला ठेवलाय. 'सदर कोळी लोणावळ्यातील असून प्रकल्पस्थळी आढळत नाही.' खाली संदर्भ: आमचा निबंध. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा संदर्भ दिला. घ्या.

४ ऑक्टो.
पठारावर गेले. सोनकी ऐन भरात. कोळी जागेवर, एक तर मधमाशी धरून बसलेला. फुलांमधूनच चुन्याच्या रेघा मारल्यात. पारूमावशी तिथंच होती. म्हणाली, "पोरी, तुजा किडा हितलाच म्हनून कागदावर लिवलंय न्हवं? मंग कोन हात लावंल?"
मी हो म्हटलं. तिच्या तोंडावर खोटं बोलले. लाज वाटते.

६ ऑक्टो.
हरकतीची मुदत गुरुवारपर्यंत. अर्ज लिहिला: चिठ्ठी मी चुकीची लिहिली, नमुना टाकवे बुद्रुकचा. सर फोन उचलत नाहीत. एकटीनंच सही केली. प्रबंध गेला बहुतेक...
पाकिटावर माझा पत्ता लिहायला घेतला. नाव, मु. पो., आणि पुढं सरळ लोणावळा लिहून मोकळी झाले. खोडून टाकवे केलं. पाकीट अजून टेबलावरच आहे.