अण्णा, तुम्ही तर्री खायचात?

प्रिय अण्णा,

काल आईचा फोन आला होता. म्हणाली, "आज पण भाजी बिनतिखटच झाली बघ. हाताला सवय लागलीय." आणि रडायला लागली. मी जास्त बोललो असतो तर नको ते तोंडातून गेलं असतं. म्हणून इथं होसूरला, ड्युटी सुटल्यावर, तुम्हालाच लिहायला बसलोय.

तुमच्या तेराव्यानंतरच्या रविवारी तुमचे दोस्त बाळूकाका रिक्षा घेऊन दारात आले. "चल, बापाच्या जागेवर बस." मला वाटलं देवळात नेतायत. रविवारी सकाळी तुम्ही देवळातच जायचात ना? रिक्षा थांबली सातपूरच्या मिसळीच्या हॉटेलसमोर! आत तुमच्या कंपनीतले रमेशकाका तीन प्लेटा सांगून बसलेले.

पहिल्या घासालाच माझ्या नाकातून पाणी. रमेशकाका म्हणाले, "वसंताचा पोरगा आणि एवढ्यात गार? तुझा बाप तर्रीची वाटी तोंडाला लावायचा!"

"अण्णा तर बिनतिखट खायचे. पोटाचं दुखणं होतं त्यांना."

बाळूकाकांना ठसकाच लागला. "वसंता? बिनतिखट? अरे, दही आलं की परत पाठवायचा! आणि वाढप्याला ओरडायचा, 'रस्सा आण रे, का मिरच्या पेरायला गेलास?' लय हसवायचा!"

अण्णा, हा माणूस कोण? घरी मीठ हवं असलं तर तुम्ही नुसतं बोटानं दाखवायचात. आम्हाला का नाही हसवलंत कधी?

आणि आई? तिला ठेचा केवढा आवडायचा! तुमच्या पोटापायी तिनं खलबत्ता माळ्यावर टाकला आणि तुमच्याबरोबर बेचव खात राहिली. मी तिथंच विचारलं, "मग आईला का फसवलं?"

मग रमेशकाका पाव मोडत म्हणाले, "त्याचं पोट कधीच बरं झालं होतं रे. पण वहिनींनी त्याच्यासाठी जीभ मारली. आता कोणत्या तोंडानं सांगू, म्हणायचा. तू पण नको सांगू वहिनींना."

ह्याला माया म्हणायचं का भित्रेपणा? मला काही कळत नाही. एका जागी टिकत नाही म्हणून मला केवढं बोलायचात! मी चार नोकऱ्या सोडल्या, पण सांगून सोडल्या. तुम्हाला "पोट बरं झालं" एवढं बोलता नाही आलं?

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मजाही आली. मी दोन पाव जास्त खाल्ले, तुमच्या दोस्तांबरोबर पोट धरून हसलो. घरी आलो, तुमचा फोटो पाहिला, आणि राग आला का रडू आलं, तेच समजेना.

आई शेजारणींना सांगते, "देवमाणूस होते." गप्प बसलो तर ती जन्मभर बिनतिखट रांधणार. सांगितलं तर तिचा देव मोडणार. मशीनवर हात चालतात आणि डोक्यात हेच.

मला अजून बरोबर-चूक कळलेलं नाही, अण्णा. तरी शब्द देतो. पुढच्या सुट्टीत आईला त्याच हॉटेलात नेईन, जास्तीची तर्री मागवीन. तिचं खाऊन झालं की सगळं सांगेन. ती तुम्हाला शिव्या घालील. घालू दे! मी मध्ये पडणार नाही. तुम्ही गेल्यापासून ती नुसती रडतेय. तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलंय तिचं.

तुमचाच पोरगा,
सागर