मोकळ्या हातांचा फोटो

मंठा, १९३६

मॅडमसाहेब,

तुमच्या मुलखातल्या अखबारानं लिव्हलं, मिशनचा इथला दवाखाना नुसता देखावा हाय. त्याला तुम्ही जवाब छापला, संगं माझा फोटो. याकूब कंपाउंडरनं फोटोखालचं इंग्रजी मला सांगितलं : "ही सगुणा. नवरा मेल्यावर सासरच्यांनी हाकलून दिली. मिशननं आसरा दिला, आता आमच्याकडं बाळंतिणी सांभाळते."

फोटोच्या दिवशी तुम्हीच म्हणल्या, "बांगड्या काढ, दवाखान्यात हात मोकळे बरे." मला ते बराबर वाटलं. कुंकूबी तुम्हीच पुसलं, तुमच्या रुमालानं, घामानं ओघळलंय म्हणून. मी हसत उभी राह्यले.

तुम्हाला ताप चढल्ता तव्हा जालन्यापर्यंत बैलगाडी कोणी हाकली? माझ्या नवऱ्यानं, कचरूनं. चिखलात उतरून चाकाला खांदा लावला त्यानं. भाऊ म्हणत होत्या तुम्ही त्याला.

काल त्यानं तो फोटो लई वेळ पाह्यला. मंग एवढंच म्हणला, "सगुणे, मी मेलो कधी, तेवढं इचार बाईला."

न्हाई इचारत. हे पत्रबी धाडत न्हाई. ह्याच्याखालीबी तुम्ही तुमचंच काहीतरी छापाल.

कचरूची बायको,
सगुणा