देव उतरल्यावर

मामंजींस सोनियाचा नमस्कार.

तुमच्याम्होरं तोंड उघडायची रीत न्हाई, म्हणून लिवते. जत्रेत तुमच्या लेकाच्या अंगात देव आला म्हणून तुमी त्यांच्या गोळ्या बंद केल्या. ह्यांना झोप न्हाई, बोलणं थांबंना, अन् लोकं पाया पडत हुती. आरोग्य केंद्रातली नीलिमा सिस्टर म्हणाली, हा बायपोलर म्हंजी मनाच्या आजाराचा चढ हाय, मागनं उतार येणार. तिनं मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला, तर तुमी म्हणालात, "देवाला कसला डॉक्टर?"

आठ दिसांमागं ह्यांना विहिरीच्या कडेवरनं माघारी आणलं. आता सिस्टर डॉक्टरांना फोनवर इचारून रोज गोळ्या देती. पाया पडणारं कुणी फिरकलं न्हाई.

पत्र तुमाला देणार न्हाई. तुमाला वाचता येत न्हाई, अन् वाचून दाखवत्यात ते हेच, तुमचे लेक.

तुमची सून,
सोनिया