मैनाचं दुसरं शिंग

१२ ऑक्टोबर
रोज लिहायचं म्हणून वही गणपतीत आणली. दिवाळी तोंडावर आली तरी पान कोरंच. पण मी रिकामा नव्हतो. मोबाइल फोटोग्राफी शिकतोय, म्हणजे रील बघावेच लागतात. वडिवळ्याला नंदामावशीकडे दोन दिवसांसाठी आलेलो, अजून इथेच. आजपासून शिस्त. पहाटेचा उजेड, ग्रिड ऑन, फिल्टर कमी.

१३ ऑक्टोबर
मावशीच्या मैना गाईचं पोर्ट्रेट. मागे धरणाचं पाणी, पिवळं पडलेलं भात. फ्रेममध्ये दावं फार खुपत होतं. सोडलं, सॅकमध्ये कोंबलं. म्हटलं, लगेच बांधू. फोटो झकास! तेवढ्यात मित्राचा, पप्पूचा फोन, भुशी डॅमला फिरायला चल. गेलो.

संध्याकाळी. मैना गोठ्यात नाही. मावशी म्हणाली, दावं तोडून गेली वाटतं. मी हो म्हणालो नाही. नुसती मान हलवली.

१४ ऑक्टोबर
मैना गाभण आहे, दिवस भरत आलेत. रानात बिबट्या फिरतो म्हणतात. मावशी बांधाबांधानं हाका मारत हिंडली, जेवली नाही. मीही एक भाकरी कमी खाल्ली.
पण आपली कला कधी कामी येणार? ‘हरवली आहे’ लिहून फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा. एडिटिंगला बसलो. गोचीड पुसले. शेपटीचं शेण पुसलं. डावं शिंग पहिल्यापासून मोडकं, ते एआयनं पुरं केलं. अगदी जुळं! आता कुणीही ओळखेल.

१५ ऑक्टोबर
फोटोला बदामच बदाम. एकानं विचारलं, फोन कुठला? गाय दिसली असं कुणीच लिहीत नाही. शेजारच्या सोपानआबांनी फोटो हात लांब करून बघितला. म्हणाले, गाय लय देखनी हाय, पन नंदाची मैना कुटंय यात?
आबांनी चष्मा बदलायला हवा.

१६ ऑक्टोबर
धरणापलीकडच्या वाडीतली बाया नावाची बाई आली. म्हणाली, मोडक्या शिंगाची एक गाय रानात बसलेली. आननार व्हते, पन पोरीनं मोबाइलात दावलं, तुमची तर दोन शिंगांची. म्हनलं, दुसऱ्या कुनाची आसंल. दिली सोडून.
मावशी माझ्याकडे बघतच राहिली. सार्थक, आपल्या मैनाला दुसरं शिंग कवा उगावलं रं?
मी रेंज बघायला बाहेर गेलो.
मावशी बायाबरोबर रानात गेली. मीही जाणार होतो. चपलेचा अंगठा तुटला.
दिवेलागणीला परतली. गाय नाही. बसल्या जागी नुसतं दबलेलं गवत.

१७ ऑक्टोबर, सकाळ
आज सांगणार. दावं मीच सोडलं, शिंग मीच लावलं. चहा झाल्यावर सांगतो.
चहा झाला. भांडी झाल्यावर. (भांडी मीच घासली.)
एवढं लिहून झालं की उठतोच.

घंटा वाजतेय.

मैना! चिखलानं माखलेली, शिंग मोडकंच. आणि एकटी नाही. पोटाला चिकटून वासरू, पाय अजून लटपटतायत. उजेड काय पडलाय दोघांवर!
मावशी रडतेय, हसतेय, हाका मारतेय. सार्थक, ते तर तुटलं, दुसरं दावं बघ रं लवकर.
घरात दुसरं नाही. आहे ते सॅकमध्ये. अख्खं.