धाकटीचं उष्टावण

आई, आज कडा गावाकडची एक बाई दहा महिन्यांची पोर घेऊन माझ्या दवाखान्यात आली आणि मला आपली धाकटी आठवली. तसंच मलूल तोंड, विरळ भुरे केस, बोटांच्या पेरांवर काळपट डाग. बसायला लागलेली पोर बसेनाशी झाली होती, हसेनाशी झाली होती, हात थरथरत होते. बाई म्हणाली, "लई गुणाची हाय, रडतच न्हाई." तूही धाकटीचं असंच कौतुक करायचीस.

आपल्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी आजी चूळ भरायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डाळ, भाजी, दूध, दही पोटभर मिळालं आणि लागेल ते औषध वेळेवर दिलं की शाकाहारी लेकरं चांगली वाढतात, हे मी रोज सांगते. पण बी-बारा नावाचं जीवनसत्त्व भाकरी-भाजीत नसतं, दुधादह्यात असतं. आणि दारात म्हैस असून तुझ्या वाट्याला दूध आलंच नाही. आधी घरचे पुरुष, मग आपल्या दुकानात आलेल्यांचा चहा, मग मी. बाळंतिणीला दुधाने कफ होतो, हे आजीचं शास्त्र. त्यात तुझे सोमवार आणि प्रदोष, कोऱ्या चहावर काढलेले. धाकटीला वरचं अन्न सुरू करायचं तर पहिला घास मामाने भरवायचा, आणि मामा बारशातल्या मानपानावरून रुसून बसलेला. आज येईल, उद्या येईल करत वर्ष गेलं. पोर नुसती तुझ्या अंगावर पीत होती, आणि तुझ्याच अंगात जे नव्हतं ते तिला मिळणार कुठून? "हिचं दूधच बिघडलंय," असा आजीने निकाल दिला. उष्टावण व्हायच्या आधीच धाकटी गेली.

पुढे डॉक्टरकी शिकताना मी सुट्टीत घरी आले, तो दिवस मला अजून छळतो. तू भाकरी थापतेयस आणि मी नुकतं वाचलेलं तुझ्यापुढे पाजळतेय. धाकटीला काय झालं होतं ते मला कळलंय, आईच्या दुधातच कमी असलं की लेकराचं असं होतं, असं मी ऐटीत सांगते. तुझा हात परातीत थांबतो.

"म्हंजी माज्यामुळंच गेली का गं ती?"

मी काहीच बोलत नाही. तू भाकरी तव्यावर टाकतेस, उलटायची विसरतेस. त्यानंतर मरेपर्यंत तू धाकटीचा विषय काढला नाहीस.

आजच्या बाईनेही तेच विचारलं. "न्हाई बाई, तुझ्यामुळं न्हाई," मी लगेच म्हणाले. पोरीला इंजेक्शन दिलं, बाईचंही औषध सुरू केलं. बाहेर बसलेल्या सासूला आत बोलावून सांगितलं, हिला रोज दूध द्या आणि लेकराला आजच वरण-भात भरवा, मुहूर्त बघू नका. ही पोर बहुतेक वाचेल, थोड्या दिवसांत हसेलही. तेच इंजेक्शन तेव्हाही तालुक्याला, आष्टीत मिळत होतं.

हा कागद खणातच राहणार. तुला उत्तर द्यायला मला त्या दिवशी शब्द सापडले नाहीत, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. उत्तर मला पाठ होतं. पण ते दिलं असतं तर चूक कुणाची हेही सांगावं लागलं असतं, आणि आजी तिथेच शेंगा फोडत बसली होती. मी तिला भ्याले, आई.